होडीच्या धक्क्यावरची वीस मिनिटं

माझ्या बायकोला तिच्या ऑफिसात सगळे 'भिंतवाली' म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. चव्वेचाळीस वर्षांच्या बाईला वीस-बावीस वर्षांची पोरं नावं ठेवतात म्हणजे काय! मी म्हटलं, उद्या येतो आणि बघतो एकेकाला. ती हसत सुटली. म्हणाली, "अहो, चिडवत नाहीत ते. भिंती माझ्याइतक्या कुणी तपासत नाही, म्हणून म्हणतात."

तिचं काम व्हिडिओ गेम तपासायचं. हे काम असतं हेच मला समजायला वर्ष गेलं. लांब कुठेतरी एक मोठी कंपनी बसलेली आहे. ती सहा-सहा वर्षं हजारभर माणसं लावून एकेक खेळ बनवते, सिनेमावाल्यांनाही घाम फुटावा एवढा खर्च करते, आणि त्यातल्या चुका शोधायचं काम बाहेर देऊन टाकते. आमच्याकडे ते एका तीन मजली इमारतीत, टायरच्या दुकानाच्या वर चालतं. चाळीस खुर्च्या, चाळीस पडदे, एक चहाचं मशीन. खेळातली नायिका घोड्यावरून टपाल पोचवते. दरीत युद्ध पेटलंय आणि ही बाई पत्रं वाटत फिरते. माझ्या बायकोच्या वाट्याला काय? तर त्या टपालवालीला प्रत्येक भिंतीवर, कुंपणावर, खडकावर नेऊन घासायचं. ती दगडातून आरपार गेली किंवा जमिनीतून खाली पडली की लिहून काढायचं. एका गावात दोनशे भिंती, आणि गावं एकोणीस. हे तिने तीन वर्षं केलं.

त्याआधी ती शर्टाच्या कारखान्यात चेकर होती. बटणाला एक टाका कमी असेल तर न बघता तिच्या बोटाला कळायचं. चौदा वर्षांनी कारखाना बंद पडला. मग एक जाहिरात दिसली: बारीक नजर हवी, अनुभवाची अट नाही. मुलाखतीला तिला एक खेळ दिला आणि एक तास दिला. तिने आयुष्यात त्या खेळाचा रिमोट हातात धरला नव्हता. बाकीची पोरं तासाभरात राक्षस मारून मोकळी झाली. ही पहिल्या खोलीतून बाहेरच पडली नाही, पण त्या खोलीतल्या सात चुका लिहून दिल्या. त्यातली एक अशी होती, की खुर्ची सरकवली तर खुर्चीच्या आधी तिची सावली सरकते. त्या सावलीवर तिला नोकरी लागली.

नोकरी देणारा होता मास्तर. मास्तर म्हणजे तिच्या विभागाचा प्रमुख, पस्तिशीतला, केस आधीच विरळ झालेले, स्वेटरच्या बाह्या कायम कोपरापर्यंत. कुणी 'इथे काहीतरी गडबड होते' असं लिहिलं की कागद परत. "काहीतरी म्हणजे काय? कुठे उभे होतात? आधी काय केलंत? मी आंधळा आहे असं समजून लिहा." म्हणून पोरांनी त्याचं नाव मास्तर पाडलं. माझ्या बायकोचा कागद मात्र त्याने कधी परत पाठवला नाही. तिला तो ताई म्हणायचा, आणि नव्या पोरांना तिचे कागद दाखवून सांगायचा, असं लिहायला शिका. ती घरी येऊन हे सांगायची तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा असायचा. चौदा वर्षं कारखान्यात तिला कुणी शाबास म्हटलं नव्हतं.

खेळाचं खरं नाव बाहेर फुटू नये म्हणून कंपनी तपासणाऱ्यांना एक खोटं नाव देते. या खेळाचं खोटं नाव होतं लिंबू. घरीसुद्धा बोलणार नाही असं तिच्याकडून लिहून घेतलं होतं. त्यामुळे आमच्याकडे तीन वर्षं "लिंबू कसं आहे?" "आज चार वेळा बंद पडलं" असं चालायचं. शेजारीण एकदा मला विचारून गेली, झाड कुठे लावलंय म्हणून.

माझी आई वेगळंच सांगायची. दारात कुणीही आलं की म्हणायची, "सून खेळायला गेलीय. मुलगा लिफ्टच्या खड्ड्यात काळा-निळा होतो आणि सून खेळून पगार घेते." आईच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं, तिला गंमत वाटायची. पण बायकोला ते टोचायचं. सासूला उलट बोलायची नाही, फक्त स्वयंपाकघरात भांडी जरा जोरात वाजायची. तिकडे ऑफिसातही भिंतीवर मोठ्या अक्षरांत पाटी होती, 'आपण इथे खेळायला येत नाही'. कुणी भिंत सोडून जरा इकडेतिकडे फिरताना दिसलं की वरून विचारणा व्हायची, कारण पडद्यावर काय चाललंय ते कंपनी लांबून बघू शकायची. दोन पोरांना तेवढ्यावरून घरी पाठवलं होतं. म्हणून खेळणं या शब्दाचीच तिला धास्ती बसली होती. ते एक आळ आहे असंच ती मानायची, आणि तो आपल्यावर येऊ नये म्हणून जिवाचा आटापिटा करायची.

मी लिफ्ट दुरुस्त करतो. एकवीस वर्षं झाली. मी तिला म्हणायचो, आपला दोघांचा धंदा एकच. फक्त माझ्या भिंतीतून माणूस पडला तर खरंच मरतो. त्यावर ती माझ्या पाठीत धपाटा घालायची. माझी एक लिफ्ट तिला तोंडपाठ होती, इतक्या वेळा मी ती सांगितलीय. दहा मजली इमारत, लिफ्ट रोज कधीतरी दुपारनंतर अडकायची. आम्ही सकाळी जायचो, दहा वेळा वरखाली करायचो, एकदम ठणठणीत. रहिवासी म्हणायचे अडकते, आमचा साहेब म्हणायचा लोक खोटं बोलतात. शेवटी मी एक दिवस स्टूल आणि वर्तमानपत्र घेऊन सकाळपासून लिफ्टमध्येच बसलो. वर जाणाऱ्याबरोबर वर, खाली जाणाऱ्याबरोबर खाली. साडेतीन वाजता अडकली, मला घेऊनच. दिवसभर चालून ब्रेकची कॉइल तापायची, तापली की अडकायची. सकाळी थंड लिफ्टला विचारून काय कळणार? ही गोष्ट मी लग्नाकार्यात, बारशाला, कुठेही सांगत आलोय. आता सांगत नाही.

लिंबूतली ती मोठी चूक सापडली तेव्हा खेळ बाजारात जाण्याआधीची पक्की प्रत निघायला अकरा दिवस उरले होते. पक्की प्रत निघाली की तिच्या विभागातल्या दोघांना कंत्राटावरून कायम करणार होते, आणि त्यातलं एक नाव तिचं आहे असं मास्तरने तिच्या कानावर घातलं होतं. कायम होणं म्हणजे काय, ते कारखान्याच्या दारावर कुलूप बघून परत आलेल्या बाईलाच विचारावं.

मंगळवार होता. ती संध्याकाळी घरी आली. आई देवळात गेली होती. मी मटार सोलत होतो. ती समोर बसली, चार शेंगा सोलल्या, आणि म्हणाली, "आज एक मोठी चूक सापडली. सेव्ह केलेला खेळ पुसला जातो."

सेव्ह म्हणजे आपण जिथवर आलो तिथवरचा खेळ जपून ठेवायचा. माणूस दोन-दोन महिने खेळतो, आणि ते सगळं त्या एका बटणात असतं. तेच पुसलं जात असेल तर घर बांधून झाल्यावर पायाच नव्हता असं कळण्यासारखं.

"मग छानच की," मी म्हटलं. "बक्षीस मिळेल."

"परत घडत नाहीये. दुपारपासून तीसदा केलं."

तिथला नियम असा. चूक सापडली की तिची नोंद उघडायची. नोंदीत आधी काय केलं, मग काय केलं, ते ओळीने लिहायचं. दुसऱ्या कुणीतरी त्या ओळी वाचून तसंच दहा वेळा करून बघायचं. दहात तीनदा घडली तर चूक खरी. नाही घडली तर नोंद बंद, आणि ती बंद करायची जिने उघडली तिनेच, तिच्या पासवर्डने. हा शेवटचा नियम मला महानीच वाटतो. उद्या बोंब झाली की कागदावर नाव कुणाचं, तर गरिबाचं.

ती म्हणाली, "नोंदीत मी एक लिहिलं नाही."

मग तिने सांगितलं. टेस्टर लोकांना खेळात लांब जायचं तर चालावं लागत नाही. त्यांच्याकडे एक गुप्त यादी असते, त्यात गावाचं नाव निवडलं की टपालवाली थेट तिथे. त्याला ते उडी म्हणतात. सगळे उडीच मारतात, वेळ कुणाला आहे? तीन वर्षांत तिने एकोणीस गावांतल्या सगळ्या भिंती बघितल्या होत्या, पण दोन गावांमधला रस्ता कधी बघितला नव्हता. त्या मंगळवारी, भिंती संपत आल्या म्हणून म्हणा किंवा आता हे लिंबू हातातून जाणार म्हणून म्हणा, ती उडी न मारता रस्त्याने गेली. घोड्यावर बसून, गावागावात पत्रं घेत, नदीपर्यंत. नदीवर होडीचा धक्का होता. पलीकडून होडी येते, माणसं उतरतात, दुसरी चढतात, होडी जाते. पाण्यावर ऊन पडलेलं. "अहो, इतकं सुंदर केलंय हो ते," ती म्हणाली. "मी रिमोट मांडीवर ठेवला आणि नुसती बघत बसले. वीस मिनिटं. होडी पाच-सहा वेळा आली आणि गेली. मग भानावर आले, सेव्ह केलं, आणि सगळं पुसलं गेलं."

"आणि नोंदीत?"

"उडी मारून धक्क्यावर गेले आणि सेव्ह केलं, असं लिहिलंय. नंतर तीसदाही तसंच केलं. खेळत बसले होते असं कसं लिहू?"

मी शेंग हातात धरून बसलो. माझ्यासमोर ती लिफ्ट आली. स्टूल, वर्तमानपत्र, साडेतीन वाजता. थंड लिफ्ट अडकत नाही. उडी मारून आलेल्या टपालवालीला काही होणार नाही, ती रस्त्याने यायला हवी आणि वीस मिनिटं तापायला हवी, हे मला त्या क्षणी कळलं. अगदी सरळ कळलं. मला खेळातलं ओ की ठो कळत नाही, पण हे कळलं.

आणि मी म्हणालो, "त्याचा काय संबंध? उगाच खेळत होते म्हणून लिहून देशील आणि पायावर धोंडा मारून घेशील. अकरा दिवस गप्प बस."

तिने माझ्याकडे बघितलं. तिला संबंध आहे असं वाटत होतं का, मला माहीत नाही. मी घरातला जुना मेकॅनिक, दोष कसा पकडावा हे तीस वेळा ऐकवणारा. मी संबंध नाही म्हटल्यावर तिने मान डोलावली आणि मटाराची परात उचलून आत गेली.

पुढचे तीन दिवस मास्तरने ती नोंद बंद होऊ दिली नाही. रोज दुपारी पडद्यावर मोठ्या कंपनीची एक बाई यायची. तिला सगळे नुसतं 'वरची बाई' म्हणायचे. ती विचारायची, ही अजून उघडी का? मास्तर म्हणायचा, ही नोंद माझ्या सगळ्यात चांगल्या टेस्टरची आहे, तिला भास होत नाहीत. त्याने सहा जणांना त्यावर बसवलं. सहा जणांनी मिळून एकशे चाळीस वेळा उडी मारली, धक्क्यावर उतरले, सेव्ह केलं. काही झालं नाही. कसं होणार?

तिसऱ्या दिवशी त्याने तिला चहाच्या मशीनपाशी गाठलं. हे तिने मला नंतर सांगितलं, शब्दन् शब्द. तो म्हणाला, "ताई, अजून काही केलं होतंत का? काहीही. नाक शिंकरलं असलंत तरी सांगा. मी कुणाला बोलणार नाही."

ती म्हणाली, "नाही."

"नक्की?"

"सगळं लिहिलंय मी."

"मग झालं," तो म्हणाला. "तुम्ही लिहिलंय म्हणजे लिहिलंय." आणि चहा न घेताच गेला. त्या दिवशी त्याने वरच्या बाईशी वाद घातला, आवाज काचेच्या बाहेर येत होता असं पोरं सांगत होती. शेवटी हरला. बंद करण्याच्या कागदावर त्याने खाली स्वतःची सही केली, जी करायची गरज नव्हती. म्हणाला, "ताईंच्या एकटीच्या नावावर नको." मग हिने पासवर्ड घातला आणि नोंद बंद केली.

खेळ बाजारात आला. मोठमोठे फलक लागले, माझ्या एका लिफ्टच्या दारावरसुद्धा टपालवालीचं चित्र चिकटवलं होतं. आईने कौतुकाने शेजारणीला नाक्यावरचा फलक दाखवला. पहिला आठवडा कौतुकातच गेला. दुसऱ्या आठवड्यात बोंब सुरू झाली. कुणाचा चाळीस तासांचा खेळ पुसला गेला, कुणाचा साठ तासांचा. एकाने लिहिलं होतं, आजारपणात अंथरुणावर पडून मी एवढंच करत होतो आणि तेही गेलं. शेकडो झाले, मग हजारो. पण कशामुळे, ते कुणालाच सांगता येईना.

कंपनीने जुन्या नोंदी उपसल्या. एक बंद नोंद सापडली, तिच्याखाली दोन नावं. विचारणा झाली तेव्हा मास्तर म्हणाला, बंद करायचा निर्णय माझा होता, त्या बाईंनी फक्त माझं ऐकलं. दोन दिवसांत त्याचं टेबल रिकामं झालं. तो एका खोक्यात आपला मग आणि एक कुंडी घेऊन जिन्याने उतरला, आणि जाताना हिला म्हणाला, "लिहिणं सोडू नका हं." त्याच महिन्यात हिला कायम केल्याचं पत्र आलं. मी पेढे आणले. तिने खाल्ला नाही. मला वाटलं, मास्तर गेला म्हणून वाईट वाटत असेल, होईल ठीक. खोटं कशाला बोलू? मला काहीच वाटलं नव्हतं असं नाही. मी फक्त त्या वाटण्याकडे बघत नव्हतो.

मग एक दिवस तिच्यासमोर एका बाईची तक्रार आली. त्या बाईने भोळेपणाने सगळं लिहिलं होतं: मी धक्क्यावर पोचले, तेवढ्यात आभाळ भरून आलं म्हणून वाळत घातलेले कपडे काढायला गेले, ते घड्या घालून ठेवले, परत आले, सेव्ह केलं आणि सगळं गेलं. घरचा माणूस असाच खेळतो. दार वाजतं, दूध उतू जातं, मूल रडतं, तो रिमोट ठेवून उठतो. न उठणारे जगात फक्त टेस्टर.

तिने त्या दिवशी मला फोन केला नाही. घरी येऊन विचारलंही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात जाऊन तिने नवी नोंद उघडली आणि पहिल्यांदा खरं लिहिलं: रस्त्याने गेले. सगळ्या गावांतली पत्रं घेतली. धक्क्यावर वीस मिनिटं काहीही न करता उभी राहिले. काम नव्हतं, बघायला आवडलं म्हणून. मग सेव्ह केलं. तासाभरात दहा जणांनी करून बघितलं, दहाही जणांचं पुसलं. होडी दर खेपेला नवी माणसं आणायची आणि जुन्यांना मोजणीतून काढायचं कुणीतरी विसरलं होतं. माणसं साठत जायची, आणि पाचव्या-सहाव्या खेपेला सेव्हमध्ये मावायची नाहीत. रस्त्याने आणलेली पत्रं त्यात भर घालायची. उडी मारून आलं की पत्रांची पिशवी रिकामी आणि होडीची मोजणी शून्यापासून.

चार दिवसांत दुरुस्ती निघाली. वरची बाई पडद्यावर आली आणि चाळीस जणांसमोर हिचं कौतुक केलं. जे कुणाला सापडलं नाही ते हिने शोधलं, म्हणाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दोन्ही नोंदी शेजारी शेजारी ठेवून कुणी वाचल्या नाहीत. तसं वाचणारा एकच माणूस होता, आणि त्याला त्यांनी काढून टाकलं होतं. हिने मग स्वतःच वरच्या बाईला लिहून कळवलं, की मला हे आधी माहीत होतं, मी लपवलं, मास्तरांची चूक नव्हती. दोन ओळींचं उत्तर आलं. प्रामाणिकपणाबद्दल आभार, हे प्रकरण आता बंद झालं आहे.

उत्तर वाचून दाखवल्यावर ती म्हणाली, "शनिवारी मास्तरांकडे जायचंय. तुम्ही चला."

मास्तर आता मेव्हण्याच्या चष्म्याच्या दुकानात बसत होता. अरुंद दुकान, दोन्ही बाजूंना आरसे, मागे काचा घासायचं मशीन. स्वेटरच्या बाह्या तशाच कोपरापर्यंत. आम्हाला बघून तो मनापासून हसला, खुर्च्या पुसून दिल्या. "ताई! चष्मा लागला की काय भिंती बघून?" मी पण हसलो. मी भिंतीवरची एक फ्रेम काढून उगाच हातात घेतली.

ती बसली नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं. रस्ता, धक्का, वीस मिनिटं, काय लिहिलं, काय नाही लिहिलं. चहाच्या मशीनपाशी काय म्हणाली ते. कुठे थांबली नाही, कुठे रडली नाही. नोंद लिहिल्यासारखं ओळीने सांगितलं.

मास्तरचं हसू कधी गेलं ते मला दिसलं नाही. त्याने टेबलावरची एक काच उचलून तिच्या कडेवरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "मी विचारलं होतं तुम्हाला, ताई."

"हो."

"नाक शिंकरलं असलंत तरी सांगा म्हटलं होतं."

"हो."

"मी कुणाला बोललो नसतो."

"माहीत होतं मला."

"मग का?"

आता येणार, असं मला वाटलं. आता ती माझ्याकडे बघणार.  मीच बोलायला हवं होतं. चार शब्दांचं काम होतं, मी गप्प राहायला सांगितलं. समोरच्या आरशात मी होतो, मागच्या आरशात मी होतो, तोंड उघडायला कुणी अडवलं नव्हतं.

"लाज वाटली," ती म्हणाली. "खेळत बसले होते ना."

मास्तरने मान हलवली. माफ केलं असं तो म्हणाला नाही, नाही केलं असंही म्हणाला नाही. एक म्हातारे गृहस्थ दुकानात आले, तो उठून त्यांच्याकडे गेला. आम्ही थोडा वेळ थांबलो आणि निघालो. फ्रेम मी परत खुंटीला लावली, ती उलटी लागली, तशीच सोडून आलो.

बसथांब्यावर ती बाकावर बसली. मी शेजारी बसलो. एक बस आली, आमची नव्हती. माणसं उतरली, दुसरी चढली, बस गेली.

"ती लिफ्ट तुम्हाला त्याच दिवशी आठवली होती," ती म्हणाली. विचारलं नाही, सांगितलं.

मला हो म्हणायला दुसरी बस येईपर्यंत वेळ लागला.

"मला वाटलं होतं, आज तरी तुम्ही बोलाल," ती म्हणाली, आणि उठून बसमध्ये चढली. मी मागून चढलो. ती खिडकीपाशी बसली होती आणि शेजारच्या जागेवर तिने पिशवी ठेवली होती.